विहिरीतून जिवंत काढलेलं हरीण तिसऱ्या दिवशी का मरतं? इंदूर परिसरात बचावाला धावणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

देपालपूरकडे बिनकठड्याच्या विहिरीत पडलेला काळवीट, खंडवा रोडवर कुत्र्यांनी पिटाळलेलं चितळ, कॉलनीच्या कुंपणात शिरून भेदरलेली नीलगाय. असं काही घडलं की आपल्याकडची माणसं हातातलं काम टाकून धावतात. जनावर बाहेर निघतं, टाळ्या वाजतात, फोटो फिरतात. दोन-तीन दिवसांनी कुणीतरी हळूच सांगतं की ते गेलं. अंगावर मोठी जखम नव्हती, उभंही राहिलं होतं, चार काड्या खाल्ल्याही होत्या. कागदावर ‘धक्क्याने मृत्यू’ किंवा ‘हृदयविकार’ असं लिहिलं जातं आणि प्रकरण मिटतं.

यातले बरेच मृत्यू कॅप्चर मायोपॅथीचे असतात. भीती, धावपळ आणि पकडताना झालेली झटापट यांमुळे स्नायूच मरू लागतात आणि त्यांच्यापाठोपाठ मूत्रपिंड आणि हृदय निकामी होतं. मी पशुवैद्यक आहे, महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले, आणि या आजारावर खात्रीचं औषध नाही हे आधीच सांगते. तो होऊ न देणं हाच उपचार. आणि तो होऊ न देणं डॉक्टरच्या हातात फार थोडं असतं. डॉक्टर पोचण्याआधी तिथे उभे असलेल्या शेतकऱ्यांच्या, रहिवाशांच्या, कार्यकर्त्यांच्या हातात ते जास्त असतं. म्हणून हा लेख तुमच्यासाठी.

आधी शरीरात काय होतं ते समजून घ्या

हे समजलं की पुढच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत, आपोआप सुचतात.

हरणाचं शरीर थोडा वेळ जीव तोडून पळण्यासाठी घडलेलं आहे. वाघ किंवा बिबट्या मागे लागला तर निकाल लगेच लागतो: एक तर हरीण सुटतं, नाही तर मरतं. सुटलं तर थांबतं, धापा टाकतं, रक्त पुन्हा स्नायूंमधून खेळतं आणि साठलेलं लॅक्टिक आम्ल धुऊन निघतं. माणसांच्या गराड्यात सापडलेल्या हरणाला हे थांबणं मिळतच नाही. अॅड्रेनलिन सुटत राहतं, रक्तवाहिन्या आकसलेल्या राहतात. दोरीत किंवा जाळ्यात ते निपचित दिसलं तरी स्नायू ताठच असतात, आणि ताठलेल्या स्नायूत रक्त नीट शिरत नाही. प्राणवायू नाही, आम्ल वाढतंय, तापमान चढतंय, अशा अवस्थेत स्नायूंच्या पेशी फुटू लागतात.

पेशी फुटल्या की त्यांच्यातलं पोटॅशियम रक्तात येतं. ते एका मर्यादेपलीकडे गेलं की हृदयाचे ठोके बिघडतात आणि हृदय बंद पडू शकतं. सोबत मायोग्लोबिन हे स्नायूंमधलं लाल रंगद्रव्यही बाहेर पडतं. ते गाळताना मूत्रपिंडाच्या बारीक नळ्या खराब होतात आणि लघवी कोऱ्या चहासारखी तपकिरी होते. ही लघवी दिसली की समजावं, नुकसान आत बरंच पुढे गेलंय.

हरीण फार धावलं नाही म्हणून निर्धास्त राहू नका. नुसती भीती आणि जागच्या जागी केलेली धडपडही पुरेशी ठरते. सशक्त, धष्टपुष्ट जनावरालाही हे होतं. हा आजार शास्त्रीय नोंदींत पहिल्यांदा आला तो 1964 साली, केनियात पकडलेल्या हिरोला जातीच्या कुरंगांमध्ये. त्यानंतर तो हरणं, कुरंग, झेब्रे, इतकंच काय पण लांब पायांच्या पक्ष्यांमध्येही सापडला आहे. आपल्याकडच्या प्राण्यांत चितळ फार नाजूक. काळवीट आणि चिंकाराही तसेच. नीलगाय, जिला माळव्यात लोक घोडारोज किंवा रोजडा म्हणतात, अंगाने दांडगी दिसते म्हणून तिला दांडगाईने हाताळतात. ती या आजारापासून मुळीच सुरक्षित नाही.

पहिला निर्णय: पकडायचंच का?

जनावर चार पायांवर उभं असेल आणि चालत असेल, तर दहातल्या बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असं आहे. मला या लेखातून एकच गोष्ट पोचवायची असेल तर ती ही. वस्तीत शिरलेलं हरीण हरवलेलं नसतं, अडवलेलं असतं. त्याला बाहेरची वाट ठाऊक असते, त्या वाटेवर आपण उभे असतो.

अशा वेळी हे करा. ज्या बाजूला शेत, नाला किंवा जंगल आहे त्या बाजूची माणसं पूर्ण हटवा. फाटक असेल तर उघडून ठेवा, कुंपणाची तार असेल तर एक मोठा भाग खाली पाडा. कुत्री घरात किंवा अंगणात बांधा. भटकी असतील तर दोन-तीन जणांनी त्यांना खाण्याच्या आमिषाने लांब न्यावं. गल्लीतले दिवे बंद करता आले तर करा. मग निघून जा. लपून पाहत बसणंही नको, कारण हरणाला तुमचा वास येतो. अंधार पडला की ते बहुधा स्वतःच निघतं. सिमरोळ घाटाच्या बाजूला एका फार्महाउसच्या आवारात चितळाची मादी सकाळपासून अडकली होती. मालकाने सगळ्यांना हटवलं, मागचं फाटक रात्रभर उघडं ठेवलं आणि सकाळी ओल्या मातीत बाहेर जाणारे खूर उमटलेले दिसले. त्या मालकाने कोणत्याही पथकाइतकंच मोठं काम केलं, असं मी मानते.

पाडसांचं प्रकरण वेगळं आहे आणि त्यात फार चुका होतात. काळवीट किंवा चितळाचं तान्हं पाडस गवतात निश्चल पडून असतं, आई जवळपास चरत असते. ते अनाथ नाही. उचलून घरी आणलेलं, बाटलीने गाईचं दूध पाजलेलं पाडस बहुधा हगवणीने जातं आणि जगलं तरी जंगलाच्या कामाचं राहत नाही. कुत्र्यांचा किंवा वाहनांचा धोका नसेल तर त्याला हात लावू नका. धोका असेलच तर जवळच्या झुडपाच्या आडोशाला सरकवा आणि लांब जा.

पकडायला लागणारी कारणं मोजकी आहेत: विहीर किंवा कोरडी टाकी, तारेत अडकलेलं अंग, मोडलेला पाय, कुत्र्यांनी फाडलेली जखम, किंवा बाहेर जायला खरोखरच वाट नसलेली जागा.

फोन कुणाला, आणि काय सांगायचं

वन्यजीव (संरक्षण) कायदा, 1972 मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत पकडणंही येतं. काळवीट आणि चिंकारा तर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहेत. तेव्हा हेतू कितीही चांगला असला तरी जनावर धरण्याआधी वनविभागाला कळवणं हे तुमच्याही हिताचं आहे. तुमच्या भागातल्या वनरक्षकाचा किंवा रेंज ऑफिसचा नंबर आजच फोनमध्ये टाकून ठेवा. ऐन वेळी नंबर सापडला नाही तर 112 लावा आणि वनविभागाला निरोप द्यायला सांगा.

फोनवर ‘लवकर या, हरीण मरतंय’ एवढंच सांगितलं तर पथक काय घेऊन यायचं ते ठरवू शकत नाही. जनावर कोणतं, नर की मादी, शिंगं आहेत का, उभं आहे की पडलेलं, केव्हापासून अडकलंय, कुत्री किंवा माणसं किती वेळ मागे होती, विहीर असेल तर पाणी किती आणि उतरायला पायऱ्या आहेत का, गाडी कुठपर्यंत येते, एवढं सांगा. चितळाच्या नराची शिंगं मखमली, म्हणजे वाढत असताना लवदार कातडीने झाकलेली असतील तर तेही कळवा. त्या अवस्थेत शिंगात रक्त आणि संवेदना असते, धरलं तर ती मोडतात, खूप रक्त जातं आणि वेदनेने जनावर आणखी बिथरतं.

पथक येईपर्यंतचा वेळ

या वेळात खरा फैसला होतो. एकाने पुढाकार घ्यावा, बाकीच्यांनी त्याचं ऐकावं. गावात सरपंच किंवा एखादे काका असतात ज्यांचा शब्द चालतो, त्यांना पुढे करा. “काका, पोरांना त्या बांधाच्या पलीकडे न्या, इथे फक्त तिघं राहू” असं सरळ सांगितलं की लोक ऐकतात. शिट्ट्या, हाका, ट्रॅक्टरचं इंजिन, मोटरसायकलचे हॉर्न सगळं बंद. मोबाइलवर शूटिंग करणाऱ्यांना हात जोडून सांगा की पुढे वाकून पाहणारं प्रत्येक डोकं त्या हरणाला शिकारी वाटतं.

विहिरीत पाणी असेल आणि जनावर पोहत असेल तर थकून बुडण्याचा धोका खरा असतो. अशा वेळी चारही कोपऱ्यांना दोर बांधलेली खाट पाण्यात थोडी बुडेल अशी सोडा, किंवा रिकामे प्लास्टिकचे ड्रम एकमेकांना बांधून तरंगता आधार करा. हरीण त्यावर पुढचे पाय टेकून दम खाऊ शकतं. टेकलं की लगेच ओढू नका. ते तसंच राहू द्या. गळ्यात फास टाकून वर खेचणं हा सगळ्यात वाईट प्रकार: गळा आवळतो, मान निखळते आणि त्या अर्ध्या मिनिटाच्या झटापटीत स्नायूंची वाट लागते. विहिरीत माणूस उतरवू नका. जुन्या विहिरीत विषारी वायू असतो, आणि घाबरलेल्या नीलगायीची लाथ बरगडी मोडू शकते.

कोरड्या विहिरीत किंवा खड्ड्यात घाई नसते. वरून हिरवी जाळी किंवा ताडपत्री टाकून अर्धं तोंड झाका, खाली सावली आणि काळोख होईल. मे महिन्यात, पारा चाळिशीपार असताना, एवढ्यानेही फरक पडतो. नीलगायीसारख्या मोठ्या जनावरासाठी जेसीबीने एका बाजूने उतार खणून वाट करून देणं हे उचलण्यापेक्षा बरं, पण खणणं एका दमात संपवावं आणि मग सगळ्यांनी मागे हटावं. भर दुपारी अडकलेलं जनावर सावलीत शांत असेल तर ते संध्याकाळपर्यंत तिथेच ठेवणं शहाणपणाचं ठरतं. लोकांना हे पटत नाही, ‘काहीतरी करा’ असा दबाव येतो. तो सहन करावा लागतो.

हातात आल्यावर

धरायचं ठरलं तर आधी तयारी पूर्ण करा, मग हात लावा. गाडी उभी, पेटी उघडी, कापड हातात, कुणी कुठे धरायचं ठरलेलं. धरल्यावर दोर शोधायला पळणं म्हणजे आजाराला आमंत्रण. एकदा पकडायचा प्रयत्न फसला आणि जनावर मिनिट-दोन मिनिटं उधळलं, तर पुन्हा लगेच मागे लागू नका. त्याला पूर्ण शांत व्हायला वेळ द्या.

सर्वांत आधी डोळे झाका. जाड, काळं, सुती कापड, नाकपुड्या मोकळ्या राहतील असं. डोळे झाकल्यावर बहुतेक हरणांच्या अंगातला ताण हाताला उतरलेला जाणवतो. कानात कापसाचा बोळा ठेवता आला तर ठेवा आणि काढायची आठवण राहावी म्हणून त्याला दोरा बांधा. त्यानंतर त्याला छातीवर बसवा, म्हणजे पाय पोटाखाली दुमडलेले, मान वर आणि नाक किंचित खाली झुकलेलं. कुशीवर आडवं पाडून ठेवलं तर पोट फुगतं, रवंथाचं पाणी घशात येऊन श्वासनलिकेत जाऊ शकतं आणि खालच्या बाजूच्या मांडीच्या स्नायूवर सगळं वजन येऊन तिथलं रक्त थांबतं.

चारही पाय एकत्र करकचून बांधण्याची पद्धत आपल्याकडे फार रुळलेली आहे. ती सोडा. बांधावंच लागलं तर मऊ कापडाने, पुढचे दोन वेगळे, मागचे दोन वेगळे, सैल गाठीने आणि शक्य तितक्या कमी वेळासाठी. शिंगं धरून ओढणं नको. पायांत पाय अडकू नयेत म्हणून एकाने मागचे पाय आणि एकाने मान-खांदा सांभाळावा. छातीवर गुडघा टेकवून बसू नका. बोलायचं असेल तर कुजबुजत, आणि पाठ थोपटणं, डोक्यावरून हात फिरवणं अजिबात नाही. गाय गोंजारल्याने शांत होते. हरणाला मात्र तो पंजाच वाटतो. लोक हे प्रेमाने करतात, म्हणून सांगताना वाईट वाटतं, पण सांगावं लागतं.

पाणी तोंडात ओतू नका. धापा टाकणाऱ्या जनावराच्या फुप्फुसात ते जातं. “मॅडम, दोन घोट तरी पाजू द्या” असं मला दर वेळी कुणीतरी म्हणतंच. पाणी अंगावर ओता, तोंडात नाही.

तापमान मोजायला घरचा डिजिटल थर्मामीटर चालतो. गुदद्वारात हलकेच घालून आवाज येईपर्यंत धरा. शांत हरणाचं तापमान साधारण 38 ते 39.5 अंश सेल्सिअस असतं. 41 अंश, म्हणजे जवळजवळ 106 फॅरेनहाइट, दिसलं की ताबडतोब थंड करायला घ्या: पोटाखाली, काखेत, मांड्यांच्या आतल्या बाजूला साधं पाणी आणि वरून वारा. नुसतं पाठीवर ओतलेलं पाणी केसांवरूनच ओघळून जातं. बर्फ लावू नका, त्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच कोंडते. 39.5 पर्यंत उतरलं की थांबा. 42 अंशाला तपासणी, मलमपट्टी, फोटो सगळं बाजूला ठेवून थंड करणं आणि शक्य असेल तर तिथेच सोडून देणं एवढंच काम. दर पाच मिनिटांनी तापमान आणि श्वास एका कागदावर वेळेसकट लिहून ठेवा. पुढे डॉक्टरला त्या कागदाचा जो उपयोग होतो तो दहा व्हिडिओंचा होत नाही.

कुत्र्याने चावलेलं जनावर असेल तर हातमोज्यांशिवाय लाळ आणि जखम हाताळू नका. रेबीज हरणांनाही होतो. लाळ तुमच्या ओरखड्याला लागली असेल तर साबणाने बराच वेळ धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात जा.

इंजेक्शनचा मोह

गावातल्या एखाद्या डॉक्टरला बोलावून ‘ताकदीचं’ इंजेक्शन देण्याचा आग्रह होतो. कृपा करून तो करू नका. प्रत्येक सुई म्हणजे पुन्हा धरणं. वेदनाशामक औषधं पाणी कमी पडलेल्या शरीरात मूत्रपिंडाला आणखी इजा करू शकतात, आणि इथे मूत्रपिंडच पणाला लागलेलं असतं. झायलाझिनसारखी भुलीची औषधं हरणांत नेहमीची आहेत, पण त्यांनी शरीराचा तापमानावरचा ताबा सुटतो. तापलेल्या जनावराला ती केव्हा द्यायची, किती द्यायची आणि उतारा कधी द्यायचा हे वन्यजीवांची सवय असलेल्या पशुवैद्यकानेच ठरवायचं.

असा डॉक्टर आला की तो बहुधा शिरेतून सलाइन लावेल, म्हणजे आम्ल पातळ होईल आणि मूत्रपिंड वाहतं राहील. रक्तातलं आम्ल फार वाढलंय अशी खात्री असेल तर बेताने सोडियम बायकार्बोनेट देईल, घबराट कमी करायला डायझेपाम किंवा मिडाझोलाम वापरेल, प्राणवायू असेल तर लावेल. ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम अनेक जण देतात. त्याचा खरा उपयोग आधीपासून कमतरता असलेल्या जनावराला, आणि सेलेनियम जास्त झालं तर विषारी ठरतं. रक्ताचा नमुना घेतला तर त्यात सीके, म्हणजे क्रिएटिन कायनेज, हे स्नायूंमधलं द्रव्य पाहतात. स्नायू फुटले की ते काही तासांत चढतं आणि हजारांच्या घरात जातं. पण फक्त रक्त काढायचं म्हणून शांत झालेल्या हरणाला पुन्हा धरणं मला मान्य नाही.

नेताना

जवळच सोडता येत असेल तर नेऊच नका. पायांवर उभं राहणारं, तापमान उतरलेलं, जखम नसलेलं हरीण त्याच भागातल्या आडोशाच्या जागी, त्याच तासात सोडणं हे सर्वांत चांगलं. ‘आधी प्राणिसंग्रहालयात दाखवू, मग बघू’ हा विचार चांगल्या मनाने केलेला असतो, पण प्राणिसंग्रहालय आहे त्या नवलख्यापर्यंतचा इंदूरचा ट्रॅफिक त्या जनावराला परवडत नाही.

न्यावंच लागलं तर पहाटे किंवा रात्री. चारी बाजूंनी बंद, आत काळोख, वर आणि खाली हवेला जाळीची भोकं असलेली लाकडी पेटी. ती इतकीच रुंद असावी की जनावर उभं राहील, बसेल, पण वळून उडी मारू शकणार नाही. तळाशी रेती आणि वर जाड गवत, म्हणजे पाय घसरत नाहीत. घसरणारा पाय सावरताना मांडीचे स्नायू फाटतात. पेटीत डोळ्यांवरचं कापड आणि पायांचे बंध काढून टाका. अपवाद फक्त भूल दिलेल्या जनावराचा, त्याच्यासोबत डॉक्टर हवाच. दोन नर एका पेटीत कधीच नाही. वाटेत चहाला थांबू नका, झाकण उचलून ‘ठीक आहे ना’ पाहू नका.

मोठ्या संख्येने हरणं हलवणारे लोकही हेच तत्त्व पाळतात. मध्य प्रदेशात 2015 पासून कान्हातून सातपुड्यात बारासिंगा नेताना बोमा पद्धत वापरली गेली: नरसाळ्यासारखं निमुळतं होत जाणारं, गवताने आणि जाळीने झाकलेलं कुंपण, ज्यातून कळप हात न लावता थेट गाडीत चढतो. 2025 च्या ऑक्टोबरात आपल्या जवळच्या शाजापूर जिल्ह्यात शेतांमधल्या शेकडो काळविटांना हेलिकॉप्टरने हळूहळू वळवून अशाच बोमात आणलं आणि गांधीसागरसारख्या अभयारण्यांत नेऊन सोडलं. इतक्या खर्चाची ती सगळी रचना कशासाठी, तर माणसाचा हात जनावराला लागू नये म्हणून. आपल्याकडे हेलिकॉप्टर नाही, पण साड्या आणि ताडपत्र्या आहेत. दोन्ही बाजूंना पलीकडचं न दिसणाऱ्या कापडाच्या भिंती धरल्या तर कॉलनीतून शेतापर्यंत एक गल्ली तयार होते आणि हरीण तिच्यातून चालत जातं. कापड पारदर्शक नको. जाळी दिसली नाही की ते तिच्यावर आदळतं.

सोडताना पेटीचं तोंड जंगलाकडे, माणसं मागे, दार उघडून बाजूला होणं. हाकलू नका. दहा मिनिटं आतच बसून राहिलं तर राहू द्या.

पुढचे पंधरा दिवस

जखमेमुळे ठेवावंच लागलं तर इथे सर्वांत जास्त निष्काळजीपणा होतो, कारण सगळ्यांना वाटतं संकट टळलं.

हा आजार चार वाटांनी येतो. काही जनावरं पकडल्यापासून पहिल्या काही तासांतच जातात. श्वास जोरात, ताप, नाडी क्षीण. काहींची चाल काही तासांपासून काही दिवसांत बिघडते, मान वाकडी होते, लघवी तपकिरी येते. काहींचे मांडीमागचे मोठे स्नायू एक-दोन दिवसांनी फाटतात: मागचा भाग खचलेला दिसतो, घोट्याचा सांधा जमिनीकडे झुकतो आणि जनावर अर्धवट बसल्यासारखं चालतं. आणि चौथी वाट सर्वांत फसवी. जनावर ठणठणीत दिसतं, खातं, आणि पुन्हा कुणी घाबरवलं की जागच्या जागी कोसळतं.

ही चौथी वाट मी डोळ्यांनी पाहिली आहे. विहिरीतून काढलेली काळविटाची मादी एका गोठ्यात ठेवली होती. कोवळ्या मेथीची जुडी तिने खाल्ली होती, कान हलत होते, लोकांनी पेढे वाटले होते. तिसऱ्या सकाळी शेजारचे पाहुणे तिला बघायला आले आणि पत्र्याचं दार धाडकन उघडलं. तिने एक उडी घेतली, भिंतीला धडकलीही नाही, खाली आली ती मेलेलीच. शवविच्छेदनात मांडीचे स्नायू शिजवलेल्या मांसासारखे फिकट, त्यांत पांढऱ्या रेघा, मूत्राशयात गडद लघवी.

तेव्हा ठेवायची जागा काळोखी, शांत, दाराला आतून गोणपाट लावलेलं, कुत्री आणि मुलं येणार नाहीत अशी. भिंतींना गवताच्या पेंढ्या उभ्या करा. एकच माणूस, एकाच वेळी, एकाच रंगाचे कपडे घालून चारापाणी ठेवेल. चारा ओला आणि ओळखीचा: बोराच्या, बाभळीच्या कोवळ्या फांद्या, हिरवं गवत. धान्य आणि पोळी नको, त्याने पोटात आम्ल होतं आणि ते या आजारात आणखी भर घालतं. पाणी उथळ घमेल्यात, खळखळाट न करता. लघवीचा रंग बघायला जमिनीवर एका कोपऱ्यात पांढरं पोतं पसरून ठेवा, जनावराजवळ न जाताही कळतं.

उठता न येणाऱ्या जनावराला जाड गवतावर छातीवर टेकवून, दोन्ही बाजूंनी गवताच्या गठ्ठ्यांचा आधार देऊन ठेवावं आणि दोन-तीन तासांनी कूस बदलावी. काही दिवसांत प्रगती दिसली नाही, लघवी गडदच राहिली, मागचे पाय ओढतच राहिले, तर डॉक्टर आणि वनविभाग मिळून त्याचे हाल थांबवण्याचा विचार करतील. तो अधिकार त्यांचाच. लोक या टप्प्यावर रागावतात. मी इतकंच म्हणेन की मोडलेल्या मूत्रपिंडाने आठवडाभर पडून राहणं त्या जनावराला आपण बघतो त्यापेक्षा फार जड जातं.

मेलं तर

पुरून टाकण्याची घाई करू नका. वनविभागाच्या परवानगीने, शक्य तितक्या लवकर शवविच्छेदन व्हावं. उन्हाळ्यात स्नायू काही तासांतच असे बिघडतात की आजार आणि सडणं यांत फरक करता येत नाही. मांडी, खांदा, हृदय आणि मूत्रपिंड यांचे पातळ तुकडे दहा टक्के फॉर्मेलिनमध्ये, लघवीचा नमुना वेगळ्या बाटलीत. डॉक्टरला तुमचा तो तापमानाचा कागद द्या आणि पाठलाग किती वेळ चालला ते खरं सांगा, कुणाला दोष लागू नये म्हणून कमी करू नका. मांस खाणं हा गुन्हा आहे, आणि औषधं दिलेल्या किंवा कुत्र्याने चावलेल्या जनावराचं तर ते धोक्याचंही आहे.

गावात तयार ठेवायची पिशवी

हे सगळं एका गोणीत मावतं आणि पंचायतीत किंवा एखाद्या शेतावर ठेवता येतं: दोन काळी सुती कापडं, डिजिटल थर्मामीटर आणि वहीपेन, रबरी हातमोजे, मऊ सुती पट्ट्या, अपारदर्शक कापडाचे लांब तुकडे, पाण्याचे दोन कॅन, जाड दोर आणि तार कापायची पक्कड. रेंज ऑफिसचा नंबर गोणीवर मोठ्या अक्षरांत लिहा. आणि पाऊस ओसरून जमीन वाळली की बिनकठड्याच्या विहिरींभोवती निदान बोराटीच्या काट्यांचं कुंपण घाला. कठडा बांधायला पैसे नसतील तर विहिरीला एका बाजूने दगडी उतार ठेवा, म्हणजे पडलेलं जनावर तुम्हाला कळायच्या आधीच चालत बाहेर येईल.